पाऊस थांबतो तेव्हा बोंड भरू लागते

महाराष्ट्रात दरवर्षी साधारण ४० लाख हेक्टरांवर कपाशी उभी असते. देशातल्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात या पिकाखाली एवढी जमीन नाही. तरीही हेक्टरी उत्पादनात आपण बरेच मागे आहोत. राज्यात हेक्टरी ३०० ते ४०० किलो रुई (सरकी काढलेला कापूस) निघते, देशाची सरासरी साडेचारशे किलोंच्या आसपास असते आणि ऑस्ट्रेलियातील ओलिताच्या शेतांत ती दोन हजार किलोंच्या घरात जाते. मुंबईत वर्तमानपत्र वाचणाऱ्याला या परिस्थितीची कारणे तीन शब्दांत सांगितली जातात : दुष्काळ, अळी आणि भाव. ही तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु ती एकमेकांत कशी गुंतलेली आहेत हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही. माझ्या मते त्यांच्यामधला दुवा वेळेचा आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात आज जी कपाशी लावली जाते तिचे आयुष्य पावसाळ्याहून लांब आहे, आणि झाडाची तहान सर्वाधिक असते त्याच आठवड्यांत पाऊस परतलेला असतो.

पावसाच्या एकूण आकड्याने इथे नेहमी फसगत होते. कपाशीला पेरणीपासून वेचणीपर्यंत साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाणी लागते, आणि अकोला, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यात सर्वसाधारण वर्षी पाऊस ७०० ते १,००० मिलिमीटर पडतो. म्हणजे कागदावर पाणी पुरेसे आहे. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि यवतमाळ जिल्ह्यात साऱ्या वर्षात जवळपास तेवढाच पडतो, हे ध्यानात घेतले की केवळ बेरीज किती निरुपयोगी आहे ते कळते. पिकाच्या दृष्टीने पाऊस कोणत्या तारखेला आला, दोन पावसांमध्ये किती दिवस कोरडे गेले आणि मातीने त्यातले किती धरून ठेवले, एवढेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. राज्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी कोरडवाहू आहे. चुकलेला पाऊस भरून काढायला तिथे दुसरे काही नसते.

आता झाडाकडे पाहू. कपाशी मुळात बहुवर्षायू झुडूप आहे. गहू किंवा ज्वारी ठरावीक दिवसांनी कणसावर येते आणि वाळून जाते. कपाशीचे तसे नाही. तिला पाणी आणि ऊब मिळत राहिली तर ती वाढत राहते, नव्या फांद्या फोडते, एकाच वेळी खाली पिकलेली बोंडे आणि वर कोवळी पाती वागवते. पाते म्हणजे फुलाची कळी. पेरणीनंतर साधारण ४० दिवसांनी पहिली पाती दिसतात, त्यानंतर तीन आठवड्यांनी फूल उमलते, आणि उमललेल्या फुलापासून बोंड फुटेपर्यंत आणखी ४५ ते ५० दिवस जातात. फूल पहिल्या दिवशी दुधी पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, त्यामुळे शेतात उभे राहिले की आज किती फुले उमलली हे रंगावरून सांगता येते. २५ जूनला बियाणे टोबले, म्हणजे हाताने एकेक करून मातीत लावले असेल, तर पहिली फुले ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येतात आणि पहिली बोंडे ऑक्टोबरच्या मध्यावर फुटतात. ही फक्त पहिली बोंडे झाली. १६० ते १८० दिवसांच्या संकरित वाणात फुलांचा खरा बहर सप्टेंबरमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालतो, आणि १ ऑक्टोबरला उमललेल्या फुलाचे बोंड नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास फुटते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मात्र विदर्भातून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो.

लागलेल्या सगळ्या पात्यांची बोंडे होत नाहीत. चांगल्या वर्षीसुद्धा निम्म्याहून अधिक पाती आणि कोवळी बोंडे गळून पडतात. आपल्याला पोसता येतील एवढीच बोंडे झाड ठेवते, आणि पाणी, नत्र किंवा सूर्यप्रकाश कमी पडला की पहिली कपात पात्यांवर करते. ऑगस्टमध्ये आठ दिवस सतत ढगाळ हवा राहिली तरी पातेगळ होते, आणि पंधरा दिवस उघडीप पडली तरीही होते. झाड तरुण असेल तर ते नवी पाती धरून ही हानी भरून काढते. पण त्या नव्या पात्यांचे वेळापत्रक आणखी तीन आठवडे पुढे सरकते आणि त्यांची बोंडे थेट कोरड्या काळात जाऊन पडतात. म्हणूनच ऑगस्टमधला खंड शेतकऱ्याला डिसेंबरमध्ये जाणवतो.

बोंडाच्या आत काय घडते ते समजले की पाण्याच्या वेळेचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलण्याच्या दिवशी बाहेर वाढू लागते आणि सुमारे तीन आठवड्यांत तिची लांबी अडीच-तीन सेंटिमीटर होते. त्यानंतर लांबी वाढणे थांबते आणि पुढचे तीन-चार आठवडे त्या नळीसारख्या पेशीच्या आतल्या बाजूवर सेल्युलोजचे थर चढत राहतात. पहिल्या टप्प्यात पाणी तुटले तर धागा आखूड राहतो. दुसऱ्या टप्प्यात तुटले तर तो लांब असूनही पोकळ आणि अपक्व राहतो, सूत कातताना तुटतो आणि त्याच्या गाठी होतात. बाजारात मायक्रोनेअर नावाचा जो आकडा विचारला जातो तो याच भरलेपणाचा आणि जाडीचा अंदाज देतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुटलेल्या शेवटच्या बोंडांचा कापूस हलका आणि कवडीचा असतो, अशी तक्रार व्यापारी करतात, आणि ती बहुतेक वेळा खरी असते. त्या बोंडांना भरायला पाणीच मिळालेले नसते.

मग पाऊस गेल्यावर झाड जगते कशावर? जमिनीत मुरलेल्या ओलीवर. मुंबईकरांना हे सोसायटीच्या टाकीवरून चटकन समजेल : नळाला पाणी तासभरच येते, पण टाकी मोठी असेल तर दिवस निभावतो आणि लहान असेल तर दुपारीच नळ कोरडे पडतात. काळी माती ही कपाशीची टाकी आहे. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. एक मीटर खोल काळ्या जमिनीत झाडाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठते. ऑक्टोबरच्या उन्हात बोंडांनी लदलेली कपाशी दिवसाला सुमारे चार मिलिमीटर पाणी वापरते असे धरले, तर मीटरभर खोल जमीन चाळीस दिवसांहून अधिक काळ पुरते, आणि १ ऑक्टोबरचे फूल कसेबसे का होईना बोंडापर्यंत पोहोचते. परंतु जिथे अर्धा मीटर खाली मुरूम लागतो अशा मध्यम जमिनीत ओल तीन आठवड्यांत संपते, आणि यवतमाळच्या किंवा बुलढाण्याच्या चढ-उतारांवरच्या हलक्या जमिनीत तर दहा-बारा दिवसही निघत नाहीत. पाने तांबूस होऊन झाड करपल्यासारखे दिसू लागते. शेतकरी त्याला लाल्या म्हणतात. रात्रीचे तापमान उतरणे आणि नत्र व मॅग्नेशियमची कमतरता हीसुद्धा त्याची कारणे आहेत, पण ओल तुटलेल्या शेतात तो आधी आणि जोरात येतो.

नदीकाठची खोल, भारी जमीन असलेला शेतकरी आणि टेकडीच्या उतारावरचा शेतकरी यांना एकच पाऊस, एकच बियाणे आणि एकच सल्ला मिळतो, आणि उत्पादनात मात्र दुप्पट-तिप्पट अंतर पडते. शिफारशी जमिनीच्या खोलीनुसार वेगळ्या असायला हव्यात, ही गोष्ट कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत लिहिलेली असते. बियाण्याच्या दुकानात ती कुणी विचारत नाही.

पावसाळ्याहून लांब आयुष्याचे झाड कोरडवाहू शेतात आले कसे, हा प्रश्न इथे येतो, आणि त्याचे उत्तर शोधताना मुंबईला बाजूला ठेवता येत नाही. वऱ्हाडात पूर्वापार होती ती देशी कपाशी : सडपातळ, खोल मुळांची, तुडतुड्यांना आणि पाण्याच्या ताणाला बऱ्यापैकी तोंड देणारी. तिचा धागा मात्र बहुधा आखूड आणि जाड असे. हिंगणघाटच्या बनी कापसासारखे तलम अपवाद होते, पण ते अपवादच. हातमागाला हा धागा चालत होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या भारतीय कापसाचा भाव अतोनात चढला. त्याच काळात रेल्वे वऱ्हाडाच्या दिशेने सरकत होती आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक बँका व कंपन्या बुडाल्या, हे पुष्कळांना ठाऊक असते. वऱ्हाडातली जमीन मात्र त्यानंतरही दूरच्या बाजारासाठी कापूस पिकवत राहिली. इकडे मुंबईत १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी पाया घातलेल्या सूतगिरणीपासून सुरू झालेला उद्योग वाढत गेला, आणि यंत्रावरच्या बारीक सुतासाठी लांब धाग्याची मागणीही त्याबरोबर वाढली. १९२४ मध्ये माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा उभी राहिली, तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. नव्या वाणाचा धागा किती लांब, किती मजबूत आणि त्याचे सूत कितपत बारीक निघते, याची परीक्षा तिथे होत असे.

१९४७ च्या फाळणीने हा ताण टोकाला नेला. अमेरिकन जातीचा लांब धाग्याचा कापूस पिकवणारे सिंध आणि पश्चिम पंजाबातील कालव्यांखालचे मोठे क्षेत्र पाकिस्तानात गेले आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या इकडे राहिल्या. परदेशातून कापूस आणण्यासाठी परकीय चलन नव्हते. त्यामुळे देशातच, आणि तेही कोरडवाहू काळ्या जमिनीवर, अमेरिकन कपाशी पसरवण्याचे धोरण आले. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी संकरित-४ हा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. पुढे नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-४४ मराठवाड्यात आणि विदर्भात घरोघरी पोहोचला. या वाणांनी धाग्याची लांबी आणि, ओलिताची सोय होती तिथे, उत्पादनही खरोखर वाढवले. ते श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पण संकरित झाड पसरट, भरपूर फांद्यांचे आणि दीर्घ मुदतीचे असते, आणि त्याचे बियाणे महाग असल्यामुळे ते विरळ लावावे लागते. गिरणीला हवा असलेला धागा मिळाला, आणि त्याची किंमत म्हणून हंगाम लांबला. पाऊस मात्र होता तेवढाच राहिला.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जीवाणूचे जनुक कपाशीत घालणे. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते आणि ते खाणारी बोंडअळी मरते. २००६ पासून दोन जनुकांचे बोलगार्ड-२ हे बीटी बियाणे आले. हिरव्या बोंडअळीवर ते प्रभावी ठरले आणि काही वर्षे फवारण्या खरोखर कमी झाल्या. जगात इतरत्र हे जनुक सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणांत घातले गेले. भारतात ते जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतून विकले गेले. या एका निर्णयाचे परिणाम आपण अजून भोगत आहोत, आणि ते समजून घेण्यासाठी थोडे अनुवंशशास्त्र पाहावे लागेल.

संकरित बियाण्याच्या दोन पालकांपैकी सहसा एकाच पालकात ही जनुके असतात. त्या बियाण्यातून उगवलेल्या प्रत्येक झाडाच्या पानाफुलांत विषारी प्रथिन असतेच. परंतु त्या झाडाच्या बोंडात तयार होणारी सरकी ही पुढची पिढी असते, आणि तिच्यात जनुकांची वाटणी मेंडेलच्या नियमाप्रमाणे होते : १६ बियांपैकी सरासरी ९ बियांत दोन्ही जनुके येतात, ६ बियांत एकच येते आणि एका बीत एकही नसते. पाने खाणाऱ्या अळीला याने फारसा फरक पडत नाही. गुलाबी बोंडअळी मात्र बोंडात शिरून सरकीच खाते. तिला एकाच बोंडात पूर्ण विष, अर्धे विष आणि विषाविना अन्न अशा सगळ्या पायऱ्या मिळतात, आणि अशा परिस्थितीत प्रतिकारक्षमता लवकर विकसित होते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला आहे. शेताच्या कडेने बिगरबीटी कपाशीचे आश्रय पीक लावायचा नियम होता, म्हणजे प्रतिकार नसलेले पतंग तिथे वाढावेत आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संयोग व्हावा. पाकिटासोबत मिळणारी ती वेगळी पुडी फारच थोड्या शेतकऱ्यांनी पेरली. त्यांना दोष देण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की दोन-तीन एकरांच्या मालकाला काही तासे (ओळी) अळीला द्यायला सांगणे म्हणजे त्याच्या घरखर्चातून वर्गणी मागणेच होते.

दुसरे कारण पुन्हा वेळेचे आहे. गुलाबी बोंडअळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते आणि तिची एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. पीक १५० दिवसांत संपले, तर तिला दोन-तीन पिढ्यांचीच संधी मिळते, आणि हंगामाच्या शेवटी शेत मोकळे झाले की तिची साखळी तुटते. पण पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड म्हणून ठेवले, तर तिच्या आणखी पिढ्या होतात आणि शेवटची पिढी सरकीत, पऱ्हाट्यांवरच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांवरच्या) बोंडांत किंवा जिनिंगच्या (सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) आवारात सुप्तावस्थेत पुढच्या जूनची वाट पाहते. गुजरातेत बोलगार्ड-२ ला ही अळी दाद देईनाशी झाल्याचे २०१४-१५ च्या सुमारास दिसले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने हाहाकार केला. बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडले की आत किडलेली सरकी आणि पिवळा, चिकटलेला कापूस निघत होता. अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि छिद्र बुजून जाते, त्यामुळे बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

तरीही फवारण्या झाल्या, कारण हातावर हात ठेवून बसणे कुणालाच शक्य नव्हते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, मिश्र केलेली जहाल कीटकनाशके, दमट हवा आणि अंगावर साधा सदरा. कपाशी एवढी उंच का होती, या प्रश्नाचे उत्तरही अखेर दीर्घ मुदतीच्या पसरट वाणांतच सापडते.

यातून निघायचा मार्ग शास्त्रज्ञ गेली काही वर्षे सांगत आहेत आणि माझा त्यावर विश्वास आहे : कपाशीचे आयुष्य पावसाच्या मापाने कापावे. म्हणजे १४० ते १५० दिवसांत येणारे, कमी फांद्यांचे, आटोपशीर झाड निवडावे आणि ते दाट लावावे. हिशेब सोपा आहे. ९० बाय ६० सेंटिमीटर अंतरावर एकरी साधारण ७,५०० झाडे बसतात; प्रत्येकाला २० बोंडे आणि प्रत्येक बोंडात साडेतीन ग्रॅम कापूस धरला, तर एकरी सव्वापाच क्विंटल कापूस होतो, आणि कोरडवाहूत आज बहुतेकांना याहून जास्त मिळत नाही. ९० बाय १५ सेंटिमीटरवर ३०,००० झाडे बसतात आणि तेवढ्याच उत्पादनासाठी प्रत्येक झाडाला फक्त पाच बोंडे लागतात. पहिली पाच बोंडे झाड सप्टेंबरच्या ओलीवरच पोसते. त्यासाठी त्याला ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही. आठ बोंडे टिकली तर उत्पादन साडेआठ क्विंटलांच्या जवळ जाते. ती जवळपास एकाच वेळी फुटत असल्यामुळे चार-पाच ऐवजी दोन-तीन वेचण्यांत काम आटोपते आणि अळीला उशिराचे अन्न मिळत नाही. ब्राझीलमध्ये बहुतांश कपाशी पावसावरच होते आणि तिथे दाट लागवडीने हेक्टरी पावणेदोन हजार किलोंच्या आसपास रुई मिळते, असे उदाहरण दिले जाते. ते देताना तिथला पाऊस आपल्यापेक्षा बराच जास्त आणि शेते हजारो हेक्टरांची असतात, हेही सांगितले पाहिजे. त्या आकड्याचे स्वप्न कुणी विदर्भाला दाखवू नये.

या मार्गात अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. संकरित बीटी बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ मध्ये ९०१ रुपये होती. विरळ लागवडीत एकरी एक-दोन पाकिटांत काम भागते. दाट लागवडीला सुमारे सहा लागतात, म्हणजे पहिल्याच पावसात एकरी साडेपाच हजार रुपये मातीत जातात, आणि पाऊस दडी मारून दुबार पेरणीची वेळ आली तर ते दुप्पट होतात. शिवाय पसरट वाण दाट लावले तर त्याची शेंड्याकडची वाढ रोखण्यासाठी वाढनियंत्रकाची फवारणी योग्य दिवशी करावी लागते. सरळ वाणांचे बियाणे शेतकऱ्याला घरचे ठेवता येते आणि नागपूरच्या संस्थेने बीटी असलेले सरळ वाणही दिले आहेत. पण दरवर्षी नवे पाकीट विकण्यावर ज्यांचा व्यवसाय चालतो त्यांना ते विकण्यात रस असण्याचे कारण नाही, आणि सार्वजनिक यंत्रणेचे बियाणे पुरेसे पोहोचत नाही. दाट लागवडीचा प्रश्न शेतशास्त्रापुरता बऱ्याच अंशी सुटलेला आहे. तो अडलेला आहे तो बियाण्याच्या किमतीवर.

पाण्याच्या बाजूने करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले काही फारच स्वस्त आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय टोबणी करू नये, हा सल्ला दरवर्षी दिला जातो. ऑगस्टमधल्या शेवटच्या डवरणीला (कोळपणीला) डवऱ्याला दोरी गुंडाळून दोन ओळींमध्ये सऱ्या पाडण्याची वऱ्हाडात रीत आहे. नंतरचा पाऊस त्या सऱ्यांत थांबतो, मुरतो आणि ऑक्टोबरमध्ये उपयोगी पडतो. उताराला आडवी पेरणी केली तर हाच परिणाम आणखी वाढतो. शेततळे किंवा विहीर असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिलेले एक संरक्षित ओलीत बोंडे भरण्याच्या काळाला आठ-दहा दिवसांची मुदत देते. कपाशीत तुरीची तासे घेण्याची जुनी पद्धत मला याच कारणाने शहाणपणाची वाटते : तुरीचे मूळ खोल जाते, तिचा पाण्याचा काळ वेगळा असतो आणि एक पीक हुकले तरी घरात डाळ येते. अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे) लावून लागोपाठ तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुले गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, म्हणजे डोमकळी, दिसली तरच फवारणी करावी, अशी शिफारस आहे. डिसेंबरअखेर शेत मोकळे करून पऱ्हाट्या न साठवता त्यांचा भुगा करून जमिनीत मिसळणे, हा गावाने मिळून करायचा उपाय आहे. एकट्याने केला तर शेजारच्या बांधावरून पतंग येतातच. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. त्यांच्या यशात बीटीबरोबरच वंध्य पतंग सोडण्याचा आणि ठरलेल्या तारखेपर्यंत पीक मोडण्याच्या सक्तीचा मोठा वाटा होता.

वेचणी हा या पिकातला सर्वाधिक कष्टाचा आणि सर्वात कमी बोलला जाणारा भाग आहे. महाराष्ट्रात कापूस हातानेच वेचला जातो, तो बहुतांशी स्त्रिया वेचतात आणि मजुरी किलोवर मिळते. सकाळच्या दवात वेचलेला कापूस ओला असतो आणि साठवल्यावर पिवळा पडतो. उन्हात वाळलेली पाने चुरा होऊन कापसाला चिकटतात. गोणीच्या प्लास्टिकचा एखादा धागा कापसात गेला तर तो सुतापर्यंत आणि कधी थेट कापडापर्यंत पोहोचतो. वेचलेल्या एका क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी, आणि तिचे तेल व ढेप होते. सरकी-ढेपेचे दर चढले तर कापसाचा भाव सावरतो, ही गोष्ट शहरात फारशी कुणाला माहीत नसते.

विक्रीतही पुन्हा तारखेचाच प्रश्न येतो. भारतीय कापूस महामंडळाचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे आणि हमीभावाची खरेदी तेच करते. २०२५-२६ साठी हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये ठरला. पूर्ण भाव मिळण्यासाठी ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असावा लागतो, बारा टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतला जातो आणि त्यावर नाकारला जातो. त्याच वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले गेले, म्हणजे परदेशी रुई स्वस्तात येण्याची मुदत आणि आपल्या शेतातल्या वेचणीची मुदत एकच झाली. ऑक्टोबरमध्ये अवकाळी पाऊस झाला की पहिल्या वेचणीचा कापूस हमखास ओला निघतो. दिवाळी तोंडावर असते, वेचणीची मजुरी रोख द्यायची असते, पीककर्जाचा तगादा असतो, आणि सुकवायला ना जागा ना सवड. तो कापूस मग खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर, तो सांगेल त्या भावाने जातो, आणि हमीभावाची केंद्रे जोमाने सुरू होतात तेव्हा गरजू शेतकऱ्याच्या घरात विकायला फारसे उरलेले नसते. खरेदी केंद्रे दिवाळीच्या किमान पंधरा दिवस आधी उघडावीत आणि प्रत्येक केंद्राच्या आवारात कापूस सुकवायला पक्के ओटे असावेत, या दोन मागण्या शेतकरी करतात. त्यांना नवे तंत्रज्ञान लागत नाही आणि फार मोठा निधीही लागत नाही. बेलापूरच्या कार्यालयात सप्टेंबरमध्ये निर्णय झाला तर त्या त्याच हंगामात पूर्ण होऊ शकतात.